कपाटातला कॅमेरा आणि समोरचा बसथांबा

अमळनेरच्या एका ताईंनी विचारलंय. तीन वर्षांपासून त्या हॅम्बुर्गला राहतात. पाच वर्षांची मुलगी आणि चौदा महिन्यांचा मुलगा आहे, नवऱ्याची शिफ्टची नोकरी. कॉलेजात असताना फोटोग्राफीचा नाद होता, आता कॅमेरा कपाटात पडून आहे. त्या लिहितात, ‘फिरायला वेळ नाही, पोरं एका जागी बसत नाहीत, घरात उजेड नाही. कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ लेन्स आहे, तिने अंधारात काही येत नाही. नवी लेन्स घेऊ की मुलं मोठी होईपर्यंत हा नाद सोडून देऊ?’

ताई, लेन्स आत्ताच घेऊ नका, आणि नाद तर अजिबात सोडू नका. मी २००६ ते २०१५ तुमच्याच हॅम्बुर्गात होतो, पंपांच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून. मोठी मुलगी तिथेच झाली. परत आल्यापासून जळगावात लहान मुलांचे आणि घरगुती फोटो काढायचं काम करतो. आधी नादच होता, पोट त्यावर नंतर भरायला लागलं. त्यामुळे तुमच्या प्रश्नातली प्रत्येक ओळ माझी कधी ना कधी बायकोसमोर रडून झालेली आहे.

पहिली गोष्ट. तुम्ही दोन वेगळी कामं एकाच पिशवीत कोंबलीत. पोरांचे फोटो काढणं हे एक, आणि तुमचा स्वतःचा नाद हे दुसरं. पोरांचे फोटो घरासाठी असतात. त्यात चेहरा दिसला, वाढदिवसाचा केक दिसला की आजी खूश. नादाला मात्र स्वतःचा एक विषय लागतो, जो पोरं झोपलेली असोत की रडत असोत, जागचा हलत नाही. मी दोन वर्षं फक्त मुलीचे फोटो काढले आणि स्वतःला फोटोग्राफर समजत राहिलो. मग लक्षात आलं की फोटो चांगले यायचे ते मुलगी गोड होती म्हणून. माझा हात काही सुधारला नव्हता.

माझा विषय मला पाळणाघराच्या वाटेवर सापडला. आमच्या घरासमोर एक बसथांबा होता. काचेची तीन बाजूंची टपरी, आत एक बाक, वेळापत्रकाची चौकट. मुलीला किटामध्ये, म्हणजे तिथल्या पाळणाघरात, सोडायला मी रोज ७.४० ला त्याच्यासमोरून जायचो. एका हातात ढकलगाडी, गळ्यात कॅमेरा. एकच फोटो काढायचा, त्याच फरशीवर उभं राहून, त्याच लेन्सने. दहा सेकंदांचं काम. चार हिवाळे मी हे केलं.

ऐकायला वेडगळ वाटेल, पण उजेडाची शाळा मला त्या थांब्याने शिकवली. डिसेंबरात हॅम्बुर्गला सूर्य साडेआठनंतर उगवतो आणि चार वाजता मावळतो, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणजे ७.४० ला मिट्ट काळोख, फक्त थांब्यातली ट्यूब आणि तिच्याखाली गोठलेली माणसं. जूनमध्ये त्याच वेळी ऊन छतावरून खाली उतरलेलं आणि काचेत समोरची झाडं उलटी दिसताहेत. सगळ्यात मजा ऑक्टोबर-नोव्हेंबरात. ऑक्टोबरच्या मध्यावर सूर्य बरोबर ७.४० च्या सुमाराला उगवतो. मग महिनाअखेर घड्याळं तासभर मागे जातात, आणि नोव्हेंबरच्या मध्यावर तो पुन्हा ७.४० ला उगवतो. एकच सूर्योदय त्या थांब्याला महिनाभरात दोनदा मिळायचा. पहिल्यांदा झाडांवर पिवळी पानं असायची, दुसऱ्यांदा नुसत्या काड्या. हे मला कुठल्या पुस्तकाने सांगितलं नाही. तिसऱ्या वर्षी फोटो ओळीने लावले तेव्हा कळलं.

एक म्हातारी लाल टोपी घालून रोज त्याच कोपऱ्यात उभी असायची. चौथ्या हिवाळ्यात ती दिसेनाशी झाली. कोपरा रिकामा असलेले फोटो मी जास्त जपून ठेवलेत.

तुम्हीही असं काही शोधा. चौथ्या मजल्यावर राहत असाल तर खिडकीतून दिसणारं अंगण, रोजच्या सुपरमार्केटची दारातली फळांची मांडणी, कपडे धुवायची तळघरातली खोली, काहीही. अट एकच, तिथे तुम्ही रोज नाहीतरी जाताच. फोटोसाठी वेगळं जावं लागलं की मुलाला सर्दी झाली त्या आठवड्यात नाद मेला समजा. स्पाइखरश्टाडची गोदामं आणि एल्बेखालचा १९११ चा जुना बोगदा सुट्टीच्या दिवसासाठी ठेवा. तिथे सगळं जग कॅमेऱ्याची तिपायी घेऊन उभं असतं.

आता घरातला उजेड. ‘घरात उजेड नाही’ असं तुम्ही लिहिलंय. आपण खान्देशची माणसं, आपल्याला उजेडाची सवयच वेगळी. जळगाव एकवीस अंशांवर. मेच्या शेवटी दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, आणि अगदी डिसेंबरातही दुपारचं ऊन क्षितिजापासून पंचेचाळीस अंश वर असतं. इथे मी उन्हाळ्यात सकाळी साडेआठनंतर बाहेर फोटोच काढत नाही. डोळ्यांखाली काळे खड्डे पडतात, माणूस भुतासारखा दिसतो. आपला सगळा जीव सावली शोधण्यात जातो. हॅम्बुर्गला डिसेंबरात भर दुपारी सूर्य जेमतेम तेरा अंश वर चढतो. तो उजेड आडवा, खिडकीतून थेट खोलीच्या मागच्या भिंतीपर्यंत येतो. जळगावात असा उजेड मला सकाळ-संध्याकाळ थोडाच वेळ मिळतो. तुमच्याकडे तो, ढग नसले तर, दिवसभर आहे. आणि ढग असले, जे बहुधा असतातच, तर अख्खं आभाळ पांढऱ्या चादरीसारखं काम करतं. स्टुडिओत असा मऊ उजेड आणायला मला हजारोंचा सॉफ्टबॉक्स, म्हणजे दिव्यावर लावायची पांढऱ्या कापडाची पेटी, लागतो.

करायचं एवढंच. घरातल्या सगळ्यात मोठ्या खिडकीखाली गोधडी टाका आणि पोरांची खेळणी तिथे सरकवा. खोलीतले दिवे बंद करा. पिवळा बल्ब आणि निळसर आभाळ एकत्र आले की अर्धं तोंड हळद लागल्यासारखं आणि अर्धं आजारी दिसतं. ते नंतर दुरुस्त करण्यात रात्री जातात. ऊन थेट येत असेल तर पांढरा विरळ पडदा ओढा. मूल खिडकीपासून हाताच्या अंतरावर असू द्या. दोन-तीन पावलं आत गेलं की उजेड निम्म्याहून खाली येतो, आणि मग तुम्ही कॅमेऱ्याला दोष देता. खिडकीकडे तोंड करून बसवलं तर चेहरा सपाट येतो, बाजूने उजेड आला तर गालाला गोलाई येते. तुम्ही स्वतः जमिनीवर बसा. उभ्याने काढलेल्या फोटोत पोरांची फक्त टाळूच दिसते.

पोरं एका जागी बसत नाहीत, ती बसणारही नाहीत. बसवायला गेलात की रडारड. कॅमेऱ्याला धावायला लावा. ‘ए’ किंवा ‘एव्ही’ मोडवर टाका (लेन्स किती उघडायची ते तुम्ही ठरवता, बाकीचं कॅमेरा), आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची कॅमेऱ्याची संवेदनशीलता, ऑटोवर, आणि ऑटो आयएसओच्या सेटिंगमध्ये किमान शटर १/२५० सेकंद ठेवा. पळापळ सुरू झाली की १/५००. आयएसओ ३२०० किंवा ६४०० वर गेला तरी जाऊ द्या. दाणे दिसले म्हणून कुठली आजी तक्रार करत नाही, हललेला फोटो मात्र कुणालाच नको असतो. माझ्या जुन्या डी-८० कॅमेऱ्यावर १६०० च्या पुढे चिवडा सांडल्यासारखे दाणे यायचे, तरी ते फोटो आज घरात लावलेत.

लेन्सबद्दल. तुमच्या १८-५५ ची झूमची कडी ३५ मिलिमीटरवर आणा आणि तिला चिकटपट्टी लावून टाका. तीन महिने तशीच वापरा. पुढे-मागे व्हायचं ते पायांनी. तीन महिन्यांनी पट्टी काढाविशी वाटली नाही तर ३५ एफ १.८ ची लेन्स घ्या (एफचा आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त उघडते), जुनी घेतली तरी चालेल. तिकडच्या दुकानांत जुन्या लेन्सवरही साधारण वर्षाची हमी मिळते. आत्ता ३५ वर तुमची लेन्स एफ ४.५ च्या आसपास उघडते. एफ १.८ म्हणजे सहापट उजेड. पण सावध, सहापट उजेडाची किंमत आहे. मीटरभरावरून १.८ वर फोटो काढलात तर जेमतेम सहा सेंटीमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. डोळे स्पष्ट, कान धूसर. बहीण-भाऊ शेजारी असतील तर एकाचा चेहरा नक्की गेला. दोघं असताना २.८ किंवा ४ वर या. स्वस्त पडते म्हणून ५० एफ १.८ घेऊ नका. तुमच्या कॅमेऱ्यावर ती ७५ सारखी वागते, म्हणजे सगळं फार जवळ ओढते, आणि जर्मन फ्लॅटच्या खोलीत मागे सरकता सरकता पाठ हीटरला टेकते. माझी टेकलीय.

बर्फ पडला तर एक्स्पोजर एक किंवा सव्वा स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), नाहीतर कॅमेरा बर्फाला राखाडी करतो. जास्तीची बॅटरी आतल्या खिशात ठेवा, थंडीत ती पटकन मान टाकते. घरात शिरण्याआधी बाहेरच कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बंद करा आणि तासभर उघडू नका. पावसाळ्यात एसी गाडीतून उतरल्यावर चष्म्यावर वाफ धरते, तसंच लेन्सचं होतं, कधीकधी आतूनही.

आता जरा नाजूक विषय. तुमची मुलगी किटात जाते, तिथे मैत्रिणी आहेत, वाढदिवस होतात. आपल्याकडे लग्नात कुणीही कुणाचाही फोटो काढतो आणि रात्री तो स्टेटसला असतो. तिथे असं करू नका. दुसऱ्याचा ओळखू येईल असा फोटो त्याच्या संमतीशिवाय पसरवायचा नाही हा जर्मनीत १९०७ पासूनचा कायदा आहे, आणि त्याचं मूळ तुमच्या घरापासून फार लांब नाही. हॅम्बुर्गजवळच्या फ्रीडरिश्सरू इथे १८९८ साली जर्मनीचा पहिला चॅन्सलर बिस्मार्क वारला. त्या रात्री दोन छायाचित्रकार चोरून खोलीत घुसले आणि त्यांनी मृतदेहाचा फोटो काढला. प्रकरण कोर्टात गेलं, आणि पुढे त्यातूनच स्वतःच्या चित्रावरचा हक्क कायद्यात आला. मुलांच्या बाबतीत तर पालक फारच हळवे असतात. एका वाढदिवसाचे फोटो मी न विचारता सगळ्या पालकांना पाठवले होते. दुसऱ्या दिवशी एका आईने मला दारात थांबवून, आवाज न चढवता, असं काही सुनावलं की महिनाभर मी तिची नजर टाळत होतो. चूक माझीच होती. आधी विचारलं की बहुतेक लोक हो म्हणतात, आणि प्रिंट दिली तर हरखून जातात.

प्रिंटवरून आठवलं. माझी आई पारोळ्याला असायची. २००९ साली मी फोटो ईमेलने भावाला पाठवायचो, तो तिला दुकानातल्या कॉम्प्युटरवर दाखवायचा. एकदा फोनवर म्हणाली, ‘काम्पुटरमातला नको, हातमा धराले येई असा फोटू धाड.’ तेव्हापासून दर महिन्याला दहा फोटो निवडून चार बाय सहाच्या प्रिंट काढायच्या आणि पाकिटात घालून पारोळ्याला धाडायच्या, हा नियम झाला. दहाच. महिन्याच्या चारशे फोटोंतून दहा निवडताना जेवढं शिकलो तेवढं काढताना शिकलो नाही. मागे निळ्या पेनाने तारीख आणि एक ओळ. ‘आज पहिल्यांदा बूट स्वतः घातले, उलटे.’

२०११ मध्ये मुलीने टेबलावरची वायर ओढली आणि हार्ड डिस्क फरशीवर आपटली. तिच्या जन्मापासूनचे सगळे फोटो त्या एकाच डिस्कवर होते. इंजिनिअर माणूस, कारखान्यात प्रत्येक ड्रॉइंगच्या तीन प्रती ठेवणारा. दुरुस्तीवाल्याने दोन आठवड्यांनी डिस्क परत दिली, सोबत बिल. पारोळ्याला आईच्या लोखंडी पेटीत, साड्यांखाली, दोनशे चाळीस प्रिंट होत्या. मुलीची पहिली दोन वर्षं म्हणजे आज आमच्याकडे तेवढ्याच.

त्यानंतर मला रॉबर्ट गिलची गोष्ट फार जवळची वाटू लागली. आपल्या भागात त्याचं नाव निघतं ते अजिंठ्याच्या पारोबरोबरच्या प्रेमकथेमुळे, पण मला त्याचं काम जास्त ओढतं. मद्रास लष्करातला हा अधिकारी १८४४ च्या सुमारास अजिंठ्याला आला, लेण्यांतली चित्रं तैलरंगात उतरवून घेण्यासाठी. वर्षानुवर्षं त्या काळोखात बसून मोठमोठे कॅनव्हास रंगवले, ते लंडनला गेले, आणि १८६६ च्या डिसेंबरात तिथल्या क्रिस्टल पॅलेस या प्रदर्शनाच्या इमारतीला आग लागली तेव्हा त्यातले बहुतेक जळाले. सगळी मेहनत एकाच छपराखाली टांगलेली. मधल्या काळात त्याने कॅमेरा हाती घेतला होता, त्याने काढलेले स्टीरिओ फोटो, म्हणजे खोली दाखवणारे जोडीचे फोटो, राहिले. पुढे मुंबईच्या जे. जे. कला शाळेच्या ग्रिफिथ्सने विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून तीच चित्रं पुन्हा उतरवली. त्यांतलीही बरीच १८८५ मध्ये लंडनमध्येच दुसऱ्या आगीत गेली. गिल १८७९ मध्ये वारला. त्याची कबर भुसावळला आहे, कधी गेलात तर बघून या.

तर एक प्रत लॅपटॉपवर, एक वेगळ्या डिस्कवर, आणि एक अमळनेरला माहेरच्या कपाटात. दरवर्षी येताना नवी डिस्क आणायची, जुनी घेऊन जायची. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या फोटोला प्रत समजू नका. ते फोटो चेपून टाकतं. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

वेळेचं राहिलं. इथे मी तुम्हाला उपदेश करायला नालायक माणूस आहे. रविवारी सकाळी सहा ते आठ मी कॅमेरा घेऊन बाहेर पडायचो आणि बायको पोरीला बघायची. ठरलं होतं की आठ ते दहा तिचे. दोन वर्षांत ते आठ ते दहा तिला किती वेळा मिळाले हे मी मोजलं नाही, तिने मोजलं होतं. एका भांडणात आकडा सांगितला. सात. तेव्हा तुमच्या नवऱ्याशी बोला. शिफ्टचा कागद हाती आला की त्यावर तुमचे दोन तास पेनाने लिहा आणि त्याचेही लिहा. पुरुषाने कॅमेरा घेतला की छंद म्हणतात आणि बाईने घेतला की ‘पोरं कोण बघणार’ म्हणतात, हे मी जळगावात रोज ऐकतो. हॅम्बुर्गातही आपल्या मंडळाच्या गणपतीत ऐकलंय.

आणि कधीतरी कॅमेरा मुलीच्या हातात द्या, गळ्यात पट्टा घालून. पाच वर्षांचं पोर मीटरभर उंचीवरून बघतं, आणि त्या उंचीवरून आई कशी दिसते ते तुम्ही स्वतः कधीच काढू शकणार नाही. शिवाय तुम्ही घरातल्या फोटोग्राफर असल्यामुळे अल्बममध्ये तुम्ही कुठेच नसता. माझ्या आईच्या पेटीतल्या दोनशे चाळीस फोटोंत माझी बायको अकरा वेळा आहे, मी चारदा.

सुट्टीत गावी याल तेव्हाचं सांगतो. पहिल्या खेपेला मी अठरा दिवसांत अकराशे फोटो काढले. सारंगखेड्याचे घोडे, तापीचा घाट, रावेरच्या केळीच्या बागा, भुसावळ जंक्शन, काही सोडलं नाही. एकही धड नाही. पुढच्या वेळी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आलो तेव्हा ठरवलं, आईचं मागचं दार आणि चूल, बस. पहाटे साडेसहाला त्या दारातून एक पट्टा उजेड आत यायचा आणि बरोबर चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर पडायचा. आई हातावर पुरणाचा मांडा फिरवत मोठा करायची, कोपरापर्यंत पसरलेला, इतका पातळ की उजेड त्यातून आरपार दिसायचा. तो उजेड खापरावर वीसेक मिनिटंच टिकायचा. तीन दिवस मी तिथेच पाटावर बसून होतो. पहिल्या दिवशी ती संकोचली, दुसऱ्या दिवशी रागावली, तिसऱ्या दिवशी मी आहे हेच विसरली. त्या दिवशीचे दोन फोटो आले.

तुम्ही मेमध्ये येणार असाल तर सकाळी साडेसहा ते साडेआठ एवढंच धरा. तिपायी आणू नका, बॅगेत जागा वाया जाते. जास्तीच्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात टाकायची परवानगी नसते. आणि चिकटपट्टी काढून येऊ नका.